जुन्या ४०७ चे गंजलेले ब्रेक पाईप: तुकडा जोडावा की सगळी लाइन बदलावी?

गगनबावड्याकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. त्यांची टाटा ४०७, २००५ सालची. गुऱ्हाळावरून गुळाचे रवे (ढेपा) कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आणायचे, परतीला खताची पोती भरायची आणि आठवड्यातून एक-दोनदा भाजी घेऊन करूळ घाटानं वैभववाडी-कणकवलीला उतरायचं, असा त्यांचा धंदा. गेल्या आठवड्यात यार्डात गाडी लावताना पेडल एकदम खाली गेलं. बघितलं तर मागच्या हाउसिंगवरचा, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या कवचावरचा, ब्रेक पाईप गंजून फुटलेला. जवळच्या मिस्त्रीनं खराब तुकडा कापला, तिथं तांब्याचा पाईप जोडला, ब्रेक ऑइल भरलं, एअर, म्हणजे पाईपात अडकलेली हवा, काढली. आता पेडल बरं लागतंय. ते विचारतात: एवढ्यावर भागेल का? बदलायचं तर कोणता पाईप घ्यायचा? आणि हे काम घरी जमेल का?

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली अठ्ठावीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढली आहेत, त्यातलं बरंचसं काम ब्रेकचंच. तेव्हा पहिल्यांदा एवढं सांगतो, की त्या जोडलेल्या तुकड्यावर भरलेली गाडी घेऊन घाट उतरू नका. दोन फेऱ्या बुडाल्या तर बुडू देत.

तुम्ही विचारताय फुटलेल्या जागेबद्दल. मला काळजी आहे ती न फुटलेल्या पाईपांची. गाडीतले सगळे लोखंडी ब्रेक पाईप एकाच वेळी बसले, एकाच पावसात भिजले, एकाच चिखलात माखले. त्यातला सगळ्यात कमजोर होता तो गेला. त्याच्या खालोखाल जो कमजोर आहे, तो अजून गाडीतच आहे. आणि आता तर मागच्या लाइनला नवा तुकडा, नवं ऑइल, चांगलं पेडल. म्हणजे दाब पूर्ण पोचणार आणि तो त्या दुसऱ्या जागेवर पडणार.

दाब किती, याचा अंदाज असू द्या. ४०७ च्या टायरमध्ये पाच-साडेपाच बार हवा असते. जोरात ब्रेक दाबल्यावर ब्रेकच्या पाईपात ७० ते १०० बारपर्यंत दाब सहज जातो, म्हणजे टायरच्या पंधरा-वीस पट. आणि पाईपची भिंत असते फक्त ०.७ मिलिमीटर. गंजानं त्यातली निम्मी खाल्ली तरी हळू ब्रेकला पाईप तग धरतो. रोज यार्डात, गावात, सिग्नलला गाडी थांबत राहते आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. जनावर आडवं आलं, पुढची एसटी अचानक थांबली, की पाय सगळ्या जोरानं पडतो आणि पाईप नेमका तेव्हा फुटतो. तुमचा यार्डात फुटला हे नशीब समजा.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. गॅरेज सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्याकडे एक छोटा ट्रक आला. रत्नागिरीहून बर्फातले मासे आणायचा आणि जाताना इथून भाजी न्यायचा. मागचा एक पाईप गेला होता. मालक म्हणाला, तेवढाच बदला, बाकीचं दिवाळीनंतर बघू. मी तेवढाच बदलला. चेसिसच्या आतून जाणाऱ्या लांब पाईपावर मी हातसुद्धा फिरवला नाही. तीन आठवड्यांनी आंबा घाट उतरून साखरप्याच्या अलीकडे तो लांब पाईप एका क्लिपेखाली फुटला. ड्रायव्हर जुना होता, गाडी आधीच दुसऱ्या गिअरमध्ये होती, त्यानं ती डोंगराच्या बाजूला चरात घातली. माणसं वाचली. मी गाडी आणायला गेलो तेव्हा ती क्लिप काढून बघितली. आत पाईप कागदासारखा झाला होता. त्या दिवसापासून एक पाईप गंजून फुटला असेल तर बाकीचे सगळे बघितल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. मालकाला पटत नसेल तर काम घेत नाही.

म्हणून आधी तपासणी. गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड नाही तर लाकडी ओंडके लावा, जॅकवर उचलली तर हाउसिंगखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. मग मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरपासून, एकेक पाईप शेवटपर्यंत फडक्यानं पुसत जा. मोकळ्या जागी पाईप बहुतेक बरा दिसतो. गंज लपलेला असतो तो क्लिपेच्या आत, हाउसिंगवर जिथं पट्टीनं बांधलाय तिथं, चेसिसच्या कोपऱ्यात जिथं चिखल साठून राहतो तिथं आणि नटाच्या मागच्या बोटभर जागेत. तुमच्या भागातला पाऊस मी काय सांगायचा! गगनबावड्याला पावसाळ्यात चेसिस चार महिने वाळतच नाही. त्यात खताची वाहतूक. पोतं फाटलं की युरिया-पोटॅश हौद्याच्या फटीतून खाली गळतं, ओल्या चिखलात मुरतं आणि लोखंड खातं. मासळीच्या गाड्यांना बर्फाचं खारट पाणी करतं तेच काम तुमच्याकडे खत करतंय. प्रत्येक क्लिप उघडून बघा. नुसता तांबूस रंग असेल आणि पुसल्यावर खाली गुळगुळीत धातू लागत असेल, तर तो पाईप अजून चालेल. नखाला खड्डे लागत असतील, पापुद्रे सुटत असतील किंवा पाईप फुगल्यासारखा दिसत असेल, तर तो संपलाय. कुठं ओलसर डाग दिसला तर विचारायचंच नाही.

पाईपांवर काळा रंग मारलेला असेल तर जास्त संशय घ्या. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतं आणि त्याच्या आदल्या दिवशी खालून काळा रंग मारून घ्यायची पद्धत आपल्याकडे फार आहे. रंगाखाली गंज तसाच वाढतो, फक्त दिसत नाही. तो रंग तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं खरवडा. खरवडताना पाईप फुटला, तर तो रस्त्यावर फुटण्यापेक्षा कधीही चांगलं.

आता काही गोष्टी गाडी समोर असल्याशिवाय सांगता येत नाहीत. पुढच्या चाकांचे पाईप इंजिनच्या उबेत आणि तेलकट जागेत असतात, ते कधीकधी खरंच चांगले निघतात. मग ते ठेवा. पण मास्टर सिलिंडरपासून मागे जाणारा लांब पाईप आणि हाउसिंगवरचे दोन्ही पाईप तुमच्या गाडीला बदलावेच लागतील, हे मी न बघताही सांगतो. सोबत रबरी होज पाईप. वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या की बदला. तसा दिसायला चांगला होज आतून सुजून बंद झालेलाही असतो. ब्रेक सोडला तरी चाक धरून राहतं ते त्यामुळे. एवीतेवी सगळं उघडलंय तर होज नवेच घाला. आणि हे सगळं ऑइलवरच्या ब्रेकचं बोलतोय. हे वाचणाऱ्या कुणाची मोठी, हवेच्या ब्रेकची गाडी असेल तर ते काम निराळं; तिथं सात-आठ बार हवा असते, नायलॉनचे पाईप चालतात. तो नायलॉनचा पाईप ऑइल ब्रेकला लावून आलेली एक गाडी मी बघितलीय. असं कुणीही करू नका.

पाईप कोणता, हा तुमचा दुसरा प्रश्न. साधा तांब्याचा नको. मिस्त्री तो वापरतात कारण हातानं वळतो, नटात धरून बसण्यासाठी फुलवावं लागतं ते तोंड पटकन फुलतं, आणि फ्रिज-एसीच्या कामासाठी कुठंही मिळतो. पण तांबं गाडीच्या थरथरीनं कडक होत जातं. कडक झालं की नटाच्या मागे बारीक चीर पडते, ती आधी दिसत नाही. डिझेल इंजिनची थरथर आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हादरे, म्हणजे तांब्याला चीर पडायला आणखी काही लागत नाही. शिवाय एसीच्या पाईपची जाडी आणि ताकद ब्रेकच्या दाबाच्या हिशेबानं केलेली नसते.

कंपनीनं बसवलेला असतो तो पोलादी पाईप. तो साधी नळी नसतो. पातळ पत्रा दोन वेढे गुंडाळून आत तांब्यानं झाळलेला असतो आणि वर गंज न धरणारा थर असतो. ताकदीला उत्तम. घ्यायचा तर वर प्लास्टिकसारखा थर असलेला घ्या, नुसत्या जस्ताचा नको. तिसरा प्रकार तांबं-निकेलचा. नव्वद टक्क्यांच्या आसपास तांबं, दहा टक्के निकेल, थोडं लोखंड-मँगनीज. दिसायला तांब्यासारखाच पण फिकट. गंजतच नाही, पोलादापेक्षा सोपा वळतो आणि थरथर सोसतो. परदेशात गाड्यांच्या कंपन्या सत्तरच्या दशकापासून तो वापरत आल्यात. महाग आहे आणि आपल्याकडे मागवून घ्यावा लागतो. पण तुमचा पाऊस, तुमचं खत आणि गाडी अजून सात-आठ वर्षं ठेवायचा विचार, हे धरून मी तुमच्या गाडीला तोच घालीन. गाडी दोन वर्षांत विकायची असेल तर थर असलेला पोलादी पुरे. दोन्हीत माप तेच घ्या जे जुन्याचं आहे. बहुतेक जागी बाहेरून ४.७५ मिलिमीटर असतं, काही ठिकाणी ६.३५. अंदाजानं ठरवू नका, कॅलिपर लावा.

मधल्या जोडाबद्दल मात्र मी हट्टी आहे. पितळी कडं दाबून बसणारा जोड, जो पाण्याच्या आणि डिझेलच्या लाइनला लावतात, तो ब्रेकला कधीच लावायचा नाही. शंभर बारला पाईप त्यातून सरकून बाहेर येतो. पितळेची झाळ मारून जोडणंही नको. उष्णतेनं पाईपचा थर जळतो, तिथून गंज सुरू होतो आणि आत राहिलेली झाळेची पावडर सिलिंडरमधल्या रबरी वॉशरांकडे जाते. तुमच्या मिस्त्रीनं यातलं काय केलंय ते बघा. दोन्ही बाजूंचं तोंड दुहेरी फुलवून युनियननं, म्हणजे आट्यांच्या जोडनटानं, जोडलेलं असेल तर जोड तरी बरा आहे, पण पाईप तांब्याचा असेल तर तो बदलायचाच आहे.

खोलताना सगळ्यात जास्त वेळ नट खातात. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नेहमीच्या फिक्स पान्यानं नट गोल होतो. ब्रेकच्या नटासाठी एका बाजूला फट असलेला रिंग पाना मिळतो, तो घ्या. नट सुटतच नसेल तर पाईप नटाशेजारी कापा आणि नटावर सहा कोनी सॉकेट बसवा. पाईप नाहीतरी टाकायचाच आहे, तो वाचवण्याच्या नादात व्हील सिलिंडरचे (चाकातल्या ब्रेकच्या सिलिंडरचे) आटे घालवू नका. ब्लोअर किंवा गॅस लावायचा मोह होईल, पण ब्रेक ऑइल पेट घेतं आणि जवळचा रबर जळतो. सिलिंडर गाडीवरून उतरवला, ऑइल पूर्ण निथळलं, तरच उष्णता. आणि जुने पाईप वाकवून मोडून फेकू नका. शक्यतो आकार तसाच ठेवून बाजूला काढा, तेच तुमचं माप आहे.

नटाच्या आट्यांचाही घोळ होतो. एम-१० चा एक मिलिमीटर आट्याचा नट आणि तीन-अष्टमांश इंची, चोवीस आट्यांचा नट हातात सारखेच दिसतात. इंची नट एम-१० च्या भोकात जातो, थोडा हलतो, शेवटी घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पण त्याची पकड अर्धीच असते. नवा नट जुन्याशेजारी धरून आटे एकमेकांत बसवून बघा; प्रकाश दिसला तर तो नट तुमचा नाही.

पाईपचं तोंड फुलवणं हा या कामाचा जीव. हॅक्सॉनं कापू नका, पाईप कटर फिरवून कापा, नाहीतर तोंड तिरकं येतं आणि किसही आत जातो. आतली धार रीमरनं काढा, पाईपातून हवा मारा. नट आधी पाईपात घाला. हे विसरलं की फुललेलं तोंड कापून परत सुरुवात करावी लागते. मग दोन टप्प्यांत फुलवायचं: आधी तोंड आत दुमडायचं, मग ती घडी शंकूनं दाबायची, म्हणजे काठाला दुहेरी जाडी येते. एकेरी फुलवलेलं तोंड नट आवळताना चिरतं. जुन्या पाईपचं तोंड नीट बघा: नरसाळ्यासारखं आत खोलगट आहे की बटणासारखं बाहेर फुगीर. दोन्ही प्रकार वेगळे, एकाच्या जागी दुसरा बसवला की गळणारच. पहिले चार-पाच नमुने टाकाऊ तुकड्यावर करा आणि भिंगाखाली बघा. काठ एका बाजूला जास्त आला असेल किंवा केसाएवढीसुद्धा चीर असेल, तर कापून टाका.

बसवताना पाईप जुन्याच वाटेनं न्या. सायलेन्सरपासून आणि प्रोपेलर शाफ्टपासून लांब, हातभर अंतरावर क्लिप, प्रत्येक क्लिपेत रबर. पाटे पूर्ण दबल्यावर हाउसिंग किती वर येतं याचा विचार करून होजला जागा ठेवा. मागच्या हाउसिंगजवळ लोडप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या दांडीची जागा खोलण्याआधी खडूनं खूण करून ठेवा. सगळे नट आधी बोटांनी तीन-चार आटे बसवा, मगच पाना.

एअर काढताना एक चूक जवळजवळ सगळे करतात, आणि त्यात चांगला मास्टर सिलिंडर जातो. रोजच्या वापरात त्याचे वॉशर ठरावीक अंतरातच फिरतात. त्यापुढची सिलिंडरची भिंत वर्षानुवर्षं न घासता राहते, तिथं गंज आणि गाळ बसतो. एअर काढताना पेडल धाडधाड तळापर्यंत मारलं की वॉशर त्या खरबरीत जागेवरून जातात आणि त्यांच्या कडा फाटतात. मग दोन दिवसांनी पेडल आपोआप खाली उतरायला लागतं आणि माणूस नव्या पाईपांना दोष देतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला जाणारच नाही. तुमच्याकडे पेडल आधीच एकदा तळाला गेलंय, तेव्हा मास्टर सिलिंडरची वॉशरांची किट या कामात बदलून घ्या. क्रम लांबून जवळ: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर चेसिसवर वेगळा बसवलेला असेल आणि त्याला एअर काढायचा स्वतःचा निप्पल असेल तर सुरुवात तिथून. निप्पलवर पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवा; बुडबुडे थांबेपर्यंत आणि काळं ऑइल जाऊन स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा.

ऑइल नव्या, सीलबंद डब्यातलंच. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्याकडच्या जुलैच्या हवेत तर अर्धा उघडा डबा महिन्याभरात घाटाच्या कामाचा राहत नाही. डॉट-३ आणि डॉट-४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. कोरडं डॉट-३ साधारण २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० अंशांना. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. करूळ उतरताना ड्रम तापले की ती उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत पोचते. ओलं ऑइल उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडतं, आणि तिथं पाईप कितीही नवे असले तरी उपयोग नाही. म्हणून तुमच्या गाडीला मी डॉट-४ भरीन आणि दरवर्षी पावसाळ्याआधी बदलीन. इंजिन ऑइलचा, डिझेलचा एक थेंबही त्यात जाऊ देऊ नका, रबर फुगून सगळे वॉशर जातात. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

आता तिसरा प्रश्न, घरी जमेल का. खोलणं, साफ करणं, नवे पाईप वाटेला लावणं, क्लिपा बसवणं, मदतीला माणूस घेऊन एअर काढणं, हे पाने चालवायची सवय असलेल्या माणसाला जमतं. तोंड फुलवणं पहिल्यांदा स्वतःच्या भरलेल्या गाडीवर शिकू नका. जुने पाईप नटांसकट, आकार न मोडता कोल्हापूरला घेऊन या. उद्यमनगरात तसेच पाईप कापून, तोंडं फुलवून, नट घालून देणारे कारागीर आहेत. पाईप समोर तयार करून घ्या आणि प्रत्येक तोंड स्वतः बघून घ्या. म्हणजे अवघड काम सरावाच्या हातानं होतं आणि मजुरीही वाचते.

जोडून झालं की इंजिन चालू ठेवून एकानं पेडल सगळ्या ताकदीनं दाबून मिनिटभर धरायचं, दुसऱ्यानं प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद धरून बघायचं. पेडल पायाखाली हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळतंय, बाहेर नाही तर मास्टर सिलिंडरच्या आत. हे पाच-सहा वेळा करा. मग रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर वीसच्या वेगानं, मग चाळीसच्या. मग गुळाची एक फेरी यार्डापर्यंत, सपाट रस्त्यानं, आणि परत आल्यावर पुन्हा खाली झोपून सगळ्या जोडांवर कोरडं बोट फिरवा. बोट कोरडं राहिलं की भाजी भरा. पहिल्यांदा करूळ उतराल तेव्हा दिवसा उतरा, वरूनच दुसऱ्या गिअरमध्ये, आणि खाली वैभववाडीला पोचलात की चहा घेण्याआधी मागच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला एकदा बघून घ्या.